देवावर भरवसा आणि रोजचा चांगुलपणा: आमच्याकडं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कुणासाठी लिहिलंय?

सांगली-मिरजेकडं रविवारी उपासना सुटली की चहाचे कप हातात घेऊन जी खरी चर्चा होते ना, त्यात पडणाऱ्यांसाठी. संदेश चालू असताना कुणी हात वर करत नाही, पण बाहेर चपला घालताना बरोबर विचारतात, "ताई, ते सगळं ठीक आहे ओ, पण माझ्या दुकानात हे कसं जमायचं?" मी संडे स्कूल घेते, पाळक नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही, त्यामुळं उत्तरं पाळकसाहेबांसारखी गोळीबंद असणार नाहीत. पण तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की म्हटलं एकदाच टाईप करून ठेवावं.

चांगुलपणा म्हणजे नेमकं काय? गोड बोलणं, शांत स्वभाव वगैरे?

गोड बोलणारे लई असतात. गलतीकरांच्या पत्रात (५:२२-२३) आत्म्याचं फळ म्हणून नऊ गोष्टी सांगितल्यात, त्यात ममता वेगळी आणि चांगुलपणा वेगळा लिहिलाय. दोन्ही एकच असते तर हे पत्र लिहिणाऱ्या पौलानं दोनदा कशाला लिहिलं असतं. मूळ ग्रीक शब्द आहे अगाथोसुने, आणि हा शब्द सगळ्या नव्या करारात फक्त ४ ठिकाणी येतो, चारही पौलाच्याच पत्रांत. जाणकार लोक सांगतात की ममता ही जास्त करून मऊपणाची बाजू आणि चांगुलपणा म्हणजे उठून काहीतरी करणं, मग ते कधी कधी समोरच्याला कडूही लागेल. आजारी माणसाजवळ बसून हात धरणं ही ममता धरा, आणि त्याची दारूची बाटली मोरीत ओतणं हा चांगुलपणा. ओतणाऱ्याला शिव्या बसतात, ते वेगळं.

पण मला व्याख्येपेक्षा माणूस बघितला की कळतं, आणि तो माणूस म्हणजे बर्णबा. प्रेषितांची कृत्ये ११:२४ मध्ये त्याच्याबद्दल सांगितलंय की तो चांगला माणूस होता आणि पवित्र आत्म्यानं व विश्वासानं भरलेला होता. चांगला आणि विश्वासानं भरलेला, एकाच वाक्यात. आता हा चांगला म्हणजे काय करत होता ते बघा. आधी त्यानं स्वतःचं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले (आपल्याकडं शेत विकायचं म्हणजे काय असतं ते आपल्याला माहितीय, अर्ध्या गुंठ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात). मग शौल, जो पुढं पौल झाला, तो यरुशलेमला आला तेव्हा सगळे शिष्य त्याला घाबरत होते, आणि घाबरायला कारण होतं, हाच माणूस कालपर्यंत घरात घुसून लोकांना ओढून नेत होता. कुणी दारात उभं करेना. बर्णबा त्याला घेऊन प्रेषितांकडं गेला आणि त्याच्या वतीनं बोलला. पुढं तरुण मार्क एका प्रवासात मधूनच परत गेला, म्हणून पौल म्हणाला याला परत न्यायचं नाही, तेव्हा बर्णबा मार्कच्या बाजूनं उभा राहिला, दोघांचं चांगलंच वाजलं आणि वाटा वेगळ्या झाल्या. आणि त्याच मार्कबद्दल शेवटी शेवटी पौल स्वतः तीमथ्याला लिहितो की त्याला घेऊन ये, तो मला उपयोगाचा आहे.

शेवटच्या दोन्ही वेळा बाकीचे घाबरलेले नाहीतर वैतागलेले होते, आणि बर्णबानं स्वतःची पत पणाला लावली. चांगुलपणा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आता तोच येतो.

चांगलं वागलं की तारण मिळतं का?

नाही. इफिस २:८-९ सरळ आहे, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. पण आपले लोक नवव्या वचनावर थांबतात आणि दहावं वाचतच नाहीत, त्यात लिहिलंय की आपण सत्कर्मांसाठीच निर्माण केलेले आहोत. फी भरून अॅडमिशन घेणं वेगळं आणि घरातलं पोरगं म्हणून घरची कामं करणं वेगळं, एवढं लक्षात आलं तरी पुष्कळ.

मग याकोब का म्हणतो की कृतीशिवाय विश्वास मेलेला आहे? पौल खरा की याकोब?

दोघंही. याकोबाचं उदाहरण बघा, त्याच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं, कुणी बंधू उघडा आहे, रोजच्या अन्नाला मोताद आहे, आणि तुम्ही त्याला म्हणता सुखानं जा, ऊब घे, पोटभर खा, आणि देत मात्र काहीच नाही. हे आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज चालतं. कुणाच्या ऑपरेशनची पोस्ट पडते आणि खाली हात जोडलेले पन्नास इमोजी, "प्रभू बरं करो", आणि डबा घेऊन कोण गेलं तर एक म्हातारी आत्या, जी ग्रुपवरच नाही.

भरवशाचा आणि चांगुलपणाचा संबंध काय? नास्तिक माणूस पण चांगला असतोच की.

असतो. मी नाही म्हणत नाही. पण मी स्वतःचं सांगते, कारण दुसऱ्याच्या मनातलं मला दिसत नाही. माझ्यातला चांगुलपणा आटतो तो दुष्टपणामुळं क्वचित, भीतीमुळं जवळजवळ दरवेळी. पुरणार नाही ही भीती, फसवतील ही भीती, लोक काय म्हणतील ही भीती.

ऑगस्ट २०१९ चा पूर. आम्ही तेव्हा सांगलीच्या गावभागात दुसऱ्या मजल्यावर राहायला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ बघितलेले म्हातारे पहिल्या दिवशी म्हणत होते एवढं काय येत नाही, दुसऱ्या दिवशी तेच जिन्यात वीट ठेवून पाणी किती पायऱ्या चढलं ते मोजत बसलेले. लाईट गेलेली, मोबाईल बंद, आणि सगळीकडं पाणीच पाणी असून प्यायला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्या सासूबाई आणि दोन पोरं आमच्यातच वर आलेली. आमच्याकडं वीस लिटरचे तीन जार होते. काकूंनी विचारलं, वहिनी पाणी किती आहे? मी म्हटलं, दोन जार आहेत, एक तुम्ही वापरा. तिसरा दिवाणाखाली होता, पुढं चादर सोडलेली. तोंडातून इतक्या सहज निघालं ना ते, विचार करायला वेळ पण लागला नाही.

रात्री टॉर्च लावून आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली, काकूपण हात जोडून बसलेल्या, त्या काही ख्रिस्ती नाहीत पण पुरात सगळे सगळ्यांच्या देवाला हात जोडतात. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" इथं मी अडकले. "आमची" म्हटलंय, "माझी" नाही. आणि "आज" म्हटलंय. मी दिवाणाकडं बघितलं, मग आमच्या सहा वर्षांच्या मुलीकडं बघितलं, तीपण दिवाणाकडंच बघत होती. तरी मी तो जार काढला नाही हां. इथं लोकांना वाटतं की आता ताई सांगणार मी रडले आणि जार बाहेर काढला. नाही काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीतून पाण्याचे बॉक्स आले, सगळ्यांना पुरले. तो तिसरा जार पूर ओसरल्यावर जिन्यातला चिखल धुवायला वापरला.

मी काही दुष्ट बाई नाही, काकूंचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त उद्या पाणी मिळेल असं वाटत नव्हतं. म्हणजे प्रश्न स्वभावाचा कमी नि भरवशाचा जास्त होता, आणि तोंडानं तर मी लहानपणापासून "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" म्हणत आलेय.

मग उद्यासाठी काही साठवायचंच नाही का? एलआयसी, एफडी, सगळं बंद?

असं कोण म्हणतंय. योसेफानं मिसरात सुकाळाच्या ७ वर्षांत धान्याचा पाचवा हिस्सा साठवला, तेही देवानं सुचवलं म्हणून, आणि दुष्काळात त्यावर आजूबाजूचे देशसुद्धा जगले. साठवणं आणि दडवणं यात फरक आहे.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं ऐकली असतील. जमिनीत खोल खड्डा, त्यात हळद भरायची, तोंड बंद करून टाकायचं, वर्षानुवर्षं हळद राहते. गोडाऊन यायच्या आधीची आपल्याकडची भारी सोय. पण पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, कारण आत प्राणवायू उरलेला नसतो, माणूस गुदमरून मरू शकतो. आणि २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि मालाचं व्हायचं ते झालं. हळद ठेवायला पेव चांगलं, माणूस राहायला नाही.

निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात देवानं लोकांना रोज दिलेलं अन्न, बरोबर उलटा. ज्यानं जास्त गोळा केला त्याला उरला नाही, ज्यानं कमी केला त्याला कमी पडला नाही, आणि ज्यानं सकाळपर्यंत दडवून ठेवला त्याच्यात किडे पडले. गंमत म्हणजे शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करा असं देवानंच सांगितलं होतं आणि तो ठेवलेला मात्र किडला नाही. तीच वस्तू, तोच डबा. देवानं सांगितलं म्हणून ठेवलेलं टिकलं, त्याच्यावर विश्वास नाही म्हणून ठेवलेलं नासलं. एफडी करताना एवढं स्वतःला विचारायचं की ही योसेफाची कोठी आहे का माझा दिवाणाखालचा जार. दरवेळी उत्तर मिळत नाही. मलापण मिळत नाही.

मी बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली, तरी राग तसाच, चिडचिड तशीच. फळ कुठाय?

हा प्रश्न तासगावच्या एका द्राक्षबागायतदार बंधूंनी विचारला आणि उत्तरपण त्यांच्याच बागेत होतं, त्यामुळं ज्यांची बाग आहे त्यांनी माझ्या चुका काढू नयेत.

आपल्याकडं द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. पाहुणे बाग बघायला येतात ते माल लागल्यावर, घडांबरोबर फोटो काढतात. एप्रिलमध्ये कोण येत नाही, वेलीवर बघण्यासारखं काही राहिलेलंच नसतं, ओलांड्यावरून (वेलीच्या आडव्या फांदीवरून) सगळं खरडून काढलेलं, ऊन असं की डोकं फिरतं. पण घड किती येणार ते ठरतं त्याच उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर नवीन काडी येते आणि दीड-दोन महिन्यांत तिच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्मघड तयार होतात, बाहेरून काही दिसत नाही. तेव्हा जर ऊन नीट मिळालं नाही, काडीची दाटी झाली, खतपाणी चुकलं तर ऑक्टोबरमध्ये कितीही औषधं मारा, डोळ्यात घडच नसेल तर येणार कुठून?

योहान १५ काढा आता. पिता माळी आहे, फळ देणाऱ्या फाट्याला तो साफ करतो म्हणजे अजून फळ यावं, आणि फाटा वेलात राहिला नाही तर त्याला आपल्या आपण फळ देता येत नाही. येशू तिथं परत परत एकच गोष्ट सांगतो, राहा, माझ्यामध्ये राहा. फळ काढा असा हुकूम कुठं नाही. मी त्या बंधूंना म्हटलं, तुमचा एप्रिल चालू असेल. ते म्हणाले, ताई, आठ वर्षं एप्रिल?

काय बोलणार. पण त्यांच्या मिसेस तिथंच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, पहिल्यांदा ताट भिरकवायचे, आता नुसतं सरकवतात.

मनातून इच्छा नसताना चांगलं वागलं तर ते ढोंग होत नाही का?

ढोंग म्हणजे लोकांनी बघावं म्हणून करणं. इच्छा नसताना देवाकडं बघून करणं म्हणजे आज्ञा पाळणं. गेथशेमाने बागेत येशूनंसुद्धा आधी विचारलंच होतं की हा प्याला टळू दे. सकाळी पाचला उठून सासऱ्यांचं औषधपाणी करणाऱ्या सुनेला रोज प्रेमाचा उमाळा येत नसतो, म्हणून काय ती ढोंगी?

मदत केल्याचा फोटो स्टेटसला टाकला तर चालतो का? दुसऱ्यांना प्रेरणा मिळते.

मत्तय ६:३, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. आणि ज्याला किराण्याचं किट दिलं त्याच्या तोंडाकडं एकदा बघा त्या फोटोत.

अडत दुकानात कामाला आहे. मालक म्हणतात वजनात कडता जास्त धर. काय करू?

हे विचारणारं पोरगं आमच्या तरुण संघातलं, मार्केट यार्डात हिशेबाला होतं, कुठल्या दुकानात ते सांगायची गरज नाही. कडता म्हणजे पोत्याचं वजन, तूट वगैरेच्या नावाखाली शेतकऱ्याच्या मालातून वजन कापणं. एका पोत्यामागं किलो-दोन किलो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि वर्षाचा हिशेब केला तर गाडी भरते. सगळे सांगत होते जगरहाटी आहे, तू काय एकटा बदलणारेस?

मी त्याला नोकरी सोड असं सांगितलं नाही. त्याच्या आईचं डायलिसिस चालू होतं, आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन मला पवित्र सल्ला द्यायचा नव्हता. आम्ही दोघांनी बसून जक्कय वाचला, लूक १९. जकातदारांचा मुख्य माणूस, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरायला जातो, म्हणजे आधी त्याला स्वीकारतो, आणि मग जक्कय आपण होऊन उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो. येशूनं त्याला रक्कम सांगितलेली नव्हती. ज्याला आपल्या घरी देव राहायला आलाय असं वाटलं त्याची पैशावरची मूठ सुटली, बस एवढीच गोष्ट आहे ती.

तो पोरगा दोन आठवड्यांनी मालकांना म्हणाला, काट्यावर जे येतं तेच मी पट्टीवर लिहीन, बाकीचं दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. त्या रात्री आम्ही सगळे प्रार्थनेत. काय झालं? काही नाही. मालक दोन मिनिटं बघत राहिले आणि त्याला गोडाऊनच्या कामावर टाकलं, पगार तोच राहिला, हिशेबाला दुसरा बसला. चमत्कार नाही, साक्ष द्यायला उभं राहावं असं पण काही नाही. कडता अजून चालू असणार. पण तो म्हणतो रात्री झोप लागते.

चांगलं वागून नुकसानच होतं. किती दिवस सहन करायचं?

आमच्या ह्यांनी ओळखीतल्या एकाला वीस हजार हातउसने दिले, पोराची फी म्हणून. तीन महिन्यांनी फोन लागेना, सहा महिन्यांनी तो माणूस नवीन गाडीवर दिसला. आमच्या घरात त्या रात्री वचन वगैरे काही आठवलं नाही, सरळ भांडण झालं.

थेस्सलनीकाचं दुसरं पत्र यासाठी वाचा, फक्त ३ अध्याय आहेत, चहा निवायच्या आत वाचून होतं. ही मंडळी छळ सोसत होती. त्यांच्यासाठी पौल १:११ मध्ये प्रार्थना करतो की चांगुलपणाचा प्रत्येक मनोदय आणि विश्वासाचं प्रत्येक काम देवानं आपल्या सामर्थ्यानं पुरं करावं. मघाशी म्हटलेला तो अगाथोसुने शब्द इथं विश्वासाला चिकटून आलाय. म्हणजे मनोदय आपला, तडीस नेणारा तो. आणि हेच पत्र पुढं तिसऱ्या अध्यायात काय सांगतं? ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये, काही लोक काही न करता नुसती लुडबुड करतायत. आणि लगेच तीन वचनांनी, बरं करता करता खचू नका. दोन्ही एकाच दमात. फुकट्यांना पोसू नका, आणि फुकट्यांमुळं हात आखडूही नका.

म्हणून आमच्या घरात आता नियम आहे: हातउसने द्यायचे नाहीत. झेपेल तेवढं देऊन टाकायचं नाहीतर सरळ नाही म्हणायचं. देवावर भरवसा ठेव असं शास्त्र सांगतं, प्रत्येक माणसाच्या तोंडी हिशेबावर ठेव असं नाही. ते वीस हजार? सोडले. "क्षमा केली" असं मी म्हणत नाही अजून, ती नवी गाडी दिसली की पोटात ढवळतं. सोडले एवढंच.

मंडळीतल्याच माणसाशी वाद आहे. त्याच्याशी चांगलं कसं वागू?

कमिटीचं इलेक्शन झालं का नुकतंच?

चेष्टा सोडा. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. तिथं "तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध" असं नाहीये, "त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध" असं आहे, म्हणजे चूक कुणाची ते ठरवायच्या आधीच उठायचंय. मला हे अतिशय अवघड जातं. दोन बाकं सोडून बसणाऱ्या बाईला "जय ख्रिस्त" म्हणायला मला अकरा महिने लागले, आणि तीपण नुसती "हं" म्हणाली.

प्रार्थना केली, उपास केले, तरी आमचा माणूस गेला. लोक म्हणतात भरवसा कमी पडला.

असं कुणी म्हटलं असेल तर त्याचं ऐकू नका, आणि असं तुम्ही कुणाला कधीही म्हणू नका. पौलाच्या अंगातला काटा तीनदा विनवूनही गेला नाही (२ करिंथ १२). त्याचा सोबती त्रफिम आजारी होता आणि पौलाला त्याला मिलेतात तसाच ठेवून पुढं जावं लागलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला तर तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सरळ औषधच सांगतो. या सगळ्यांचा भरवसा कमी होता का?

आणि जे लोक "डॉक्टरकडं जाणं म्हणजे अविश्वास" म्हणतात त्यांनी निदान मिरज परिसरात तरी हे बोलू नये. डॉ. विल्यम वानलेस १८८९ ला मिशनचे डॉक्टर म्हणून भारतात आले आणि १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. मिरज डॉक्टरांचं गाव म्हणून ओळखलं जातं त्याची सुरुवात तिथली. आज वानलेसवाडीच्या स्टॉपवर उतरणाऱ्या निम्म्या लोकांना ते नाव माणसाचं होतं हेही माहिती नसेल. तो माणूस प्रार्थना करत होता आणि हातात चाकू घेऊन मोतीबिंदू पण काढत होता, दोन्हीत त्याला काही अडचण वाटली नाही.

इन्शुलिन बंद करून विश्वासानं राहायचं म्हणतोय आमचा भाऊ.

आजच्या आज डॉक्टरकडं घेऊन जा. पुढचे प्रश्न नंतर वाचा.

सगळं सोडून फक्त देवावर भरवसा ठेवून राहणारे लोक आपल्याकडं झालेत का?

झालेत, आणि साताऱ्यातच. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये बरीच वर्षं काम केलं, आणि १९१७ ला मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे एका जागी यावेत म्हणून. दोनच वर्षांत, १९१९ ला ते वारले.

पण माझं लक्ष नेहमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडं जातं. घरात आलेलं कुणालाही देऊन टाकायची टिळकांची सवय आणि त्यापायी संसार ओढताना आपली झालेली तारांबळ त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय, तेही हसत हसत. आपल्याकडंपण अशी घरं आहेत, भरवसा नवऱ्यानं ठेवायचा आणि पीठ बायकोनं उसनं आणायचं. बंधूंनो, उदारपणे देणार असाल तर आधी स्वयंपाकघरात विचारून या. बर्णबानं स्वतःचं शेत विकलं, बायकोच्या पाटल्या विकल्या असं कुठं लिहिलेलं नाही.

आमचे हिंदू, मुसलमान शेजारी आमच्यापेक्षा चांगले वागतात. लाज वाटते.

वाटू दे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक १०) येशूनं अशाच लोकांना सांगितली होती ज्यांना वाटत होतं चांगुलपणा आपल्याच घरचा. वाटेत जखमी पडलेल्या माणसाजवळून याजक गेला, लेवी (मंदिराचा सेवक) गेला, आणि थांबला कोण? ज्याच्याशी यहूदी बोलतपण नव्हते तो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर घातलं, उतारशाळेत नेलं, २ दिनार दिले आणि वर म्हणाला, जास्त लागले तर परत येताना देतो. त्या वेळी एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. सगळं चांगलं कुठूनही येवो, येतं त्या एकाकडूनच, कारण येशू म्हणालाच आहे की देवाशिवाय उत्तम कुणी नाही.

रोज कुठून सुरुवात करू? काही प्रॅक्टिकल सांगा.

मी एकच करते. सकाळी कुणाला काहीतरी द्यायचं, सांगायचं नाहीतर माफ करायचं आतून ढकललं जातं आणि लगेच "पण" येतो. त्या "पण"च्या पुढं काय आहे ते मी देवाला मोठ्यानं सांगते. "पण महिनाअखेर आहे." "पण ती परत डोक्यावर बसेल." मोठ्यानं म्हटलं की भीतीचं नाव कळतं. कधी ती खरी असते, मग मी थांबते. पुष्कळदा ऐकायलाच हास्यास्पद वाटते. भांडी घासताना करा, नळाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

त्या तिसऱ्या जारचं पुढं काय झालं? काकूंना सांगितलं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, वचनांच्या प्रश्नांपेक्षा.

जुलै २०२१ ला परत पाणी आलं. परत काकू वर, परत टॉर्च, यावेळी आमच्याकडं चार जार, चारही हॉलच्या मधोमध ठेवलेले. सासूबाई तोवर गेलेल्या होत्या. रात्री पोरं झोपल्यावर मी काकूंना सांगितलं, दोन वर्षांपूर्वी दिवाणाखाली अजून एक जार होता. बोलताना घसा कोरडा पडला.

काकू म्हणाल्या, "माहिती होतं की. तुझ्या पोरीनंच दाखवला होता दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणाली, काकू, आजीला पाणी लागलं तर इथं आहे, आईला सांगू नका." मग जरा वेळानं म्हणाल्या, "आम्ही तरी काय, आमच्याकडं बिस्किटांचे पाच पुडे होते, तुला दोनच सांगितलेले."